गाभारा आणि दानपेटी

भारतीय राज्यघटनेतील धर्मस्वातंत्र्याचा अनुच्छेद स्वातंत्र्याच्या घोषणेने सुरू होत नाही, तो अटींनी सुरू होतो. अनुच्छेद २५ च्या आरंभीच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदी यांची बंधने येतात, आणि त्यांच्यामागून सर्व व्यक्तींना सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य व धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क येतो. पुढच्याच खंडात राज्यसंस्थेला दोन अधिकार राखून ठेवले आहेत : धर्माचरणाशी निगडित असलेल्या आर्थिक, राजकीय किंवा अन्य लौकिक, म्हणजे ऐहिक व्यवहारातल्या, बाबींचे नियमन करण्याचा एक, आणि सामाजिक सुधारणा करण्याचा व सार्वजनिक स्वरूपाची हिंदू धर्मस्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना खुली करण्याचा दुसरा. अनुच्छेद २६ व्यक्तीकडून संप्रदायाकडे वळतो आणि प्रत्येक धार्मिक संप्रदायाला धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याची मुभा देतो. मात्र संप्रदायाच्या मालमत्तेचा प्रश्न आला की तिचा कारभार ‘कायद्यानुसार’ करावा लागेल, असे तोच अनुच्छेद सांगतो. पूजा कशी करावी हे संप्रदायाने ठरवायचे आणि पैशाचा हिशोब कायद्याला द्यायचा, अशी ही ढोबळ वाटणी आहे. ती कागदावर स्वच्छ दिसते; पण गाभारा कुठे संपतो आणि दानपेटी कुठे सुरू होते, हे ठरवण्यासाठी गेली सत्तर वर्षे या देशातील न्यायालये झगडत आहेत.

या झगड्यातील पायाभूत खटल्यांपैकी बरेचसे जुन्या मुंबई राज्यातून निघालेले आहेत, हा योगायोग नव्हे. बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत या प्रांताने अल्पावधीत धर्माशी थेट भिडणारे कायदे केले : १९४६ चा हिंदू द्विभार्याप्रतिबंधक कायदा, १९४७ चा हरिजन मंदिरप्रवेश कायदा, १९४९ चा धर्मबहिष्कारप्रतिबंधक कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम. चॅरिटी कमिशनर, म्हणजे धर्मादाय आयुक्त, हे पद या शेवटच्या कायद्याने मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आणले. आजही गावातल्या देवळाच्या ट्रस्टचा वाद निघाला की ‘चॅरिटीत अर्ज टाकला’ असेच म्हटले जाते. सुधारकांचा दीर्घ वारसा असलेल्या प्रांताने कायदे केले, आणि राज्यघटना येताच त्या कायद्यांना आव्हान देण्याचे साधनही नागरिकांच्या हाती आले.

धर्म आणि लौकिक व्यवहार यांची सरमिसळ घटनाकारांच्या नजरेतून सुटलेली नव्हती. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत व्यक्तिगत कायद्यांवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले होते, की या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंत आयुष्याचा प्रत्येक कोपरा व्यापतात, आणि त्या सगळ्यालाच संरक्षण द्यायचे ठरवले तर कायदेमंडळाला कसलीच सामाजिक सुधारणा करता येणार नाही. म्हणून श्रद्धा आणि मूलतः धार्मिक असलेले विधी एवढ्यापुरतीच धर्माची व्याख्या आवरून धरली पाहिजे. ‘मूलतः धार्मिक’ हे शब्द ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. एखादी गोष्ट स्वभावतः धार्मिक आहे की लौकिक, एवढाच प्रश्न त्यांतून निघतो. ती धर्माच्या दृष्टीने किती महत्त्वाची आहे, हा प्रश्न निघत नाही. पुढे न्यायालयांत जो गोंधळ झाला, त्याचे मूळ बव्हंशी या दोन प्रश्नांची गल्लत होण्यात आहे.

पहिला मोठा निर्णय १६ मार्च १९५४ रोजी लागला. तो शिरूर मठाचा खटला म्हणून ओळखला जातो, पण पुणे जिल्ह्यातल्या शिरूरशी त्याचा संबंध नाही. हा मठ उडुपीच्या अष्टमठांपैकी एक आहे. मध्वाचार्यांच्या परंपरेतील या आठ मठांकडे उडुपीच्या कृष्णमंदिराची पूजा दोन-दोन वर्षांच्या पाळीने येते, या पाळीला ‘पर्याय’ म्हणतात, आणि ज्या मठाची पाळी असेल त्याच्या स्वामींवर त्या काळात पूजेबरोबर मोठ्या अन्नदानाचाही भार पडतो. शिरूर मठाच्या स्वामींचा पहिला पर्याय १९३१ मध्ये आला आणि मठ कर्जात गेला. दुसरा १९४६ मध्ये, युद्धोत्तर टंचाईच्या आणि महागाईच्या दिवसांत आला, तेव्हा कर्जाचा आकडा लाखाच्या घरात गेला. मद्रास सरकारच्या धर्मादाय मंडळाने कारभारात हात घातला आणि वाद पेटला. धर्मस्वातंत्र्याच्या भारतीय न्यायशास्त्राचा पाया एका मठाच्या थकलेल्या देण्यांवर घातला गेला, ही गोष्ट अशोभनीय वाटली तरी समजण्यासारखी आहे, कारण सरकारचा आणि धर्माचा पहिला सामना बहुधा जमाखर्चाच्या वहीवरच होतो.

सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी दिलेल्या या निर्णयातले सूत्र असे, की धर्म म्हणजे केवळ मनातली श्रद्धा नव्हे, आचारही त्यात येतो; आणि कोणता आचार धर्माचा अविभाज्य भाग आहे हे त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून पाहायचे. देवाला ठराविक वेळी ठराविक नैवेद्य दाखवावा असे एखादा पंथ सांगत असेल, तर त्याला पैसे लागतात, पुजारी नेमावे लागतात किंवा बाजारातून माल आणावा लागतो, एवढ्यावरून तो व्यवहार लौकिक ठरत नाही. नैवेद्यावर खर्च किती करावा, यावर मात्र सरकार देखरेख ठेवू शकते. मद्रासच्या कायद्यातल्या एका कलमाने आयुक्ताला व त्याच्या हाताखालच्या माणसांना मठ-मंदिरांत केव्हाही, कुठेही शिरण्याची मोकळीक दिली होती. गाभाऱ्याचा अपवाद तिला नव्हता. ते कलम न्यायालयाने रद्द केले.

दोनच दिवसांनी, १८ मार्चला, मुंबईच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाविरुद्धचा निकाल लागला. आव्हान देणाऱ्यांत एका श्वेतांबर जैन मंदिराचे व्यवस्थापक होते आणि पारशी पंचायतीचे विश्वस्तही होते. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी धर्माची व्याख्या बरीच आखूड केली होती : माणसाला त्याच्या सदसद्विवेकाशी बांधणारी आणि त्याच्या नैतिक आचरणाला वळण देणारी तत्त्वे तेवढी धर्मात मोडतात, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने ही व्याख्या अमान्य केली. धार्मिक विश्वस्त संस्थेवर थेट धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त म्हणून बसवण्याची तरतूद त्याने फेटाळली, कारण मठाधिपतीच्या जागी सरकारी अधिकारी बसला की मठ उरतच नाही. दात्याने ज्या धार्मिक कारणासाठी पैसा दिला ते कारण साध्य होण्यासारखे असताना तो पैसा दुसरीकडे वळवण्याची मुभाही त्याने काढून घेतली. नोंदणी, हिशोब आणि तपासणी यांना मात्र न्यायालयाने हात लावला नाही.

या जोडनिकालांतला पैशाचा मुद्दा सामान्यतः दुर्लक्षिला जातो, पण तोच सर्वांत उद्बोधक आहे. दोन्ही कायद्यांत संस्थांकडून वार्षिक अंशदान घेण्याची तरतूद होती. मद्रासमध्ये ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जात असे, म्हणून न्यायालयाने तो ‘कर’ मानला आणि राज्याला तो बसवण्याचा अधिकार नाही असे ठरवले. मुंबईत उत्पन्नाच्या दोन टक्के रक्कम विश्वस्त व्यवस्थांच्या देखरेखीसाठीच राखलेल्या वेगळ्या निधीत जात असे, म्हणून ती सेवेच्या मोबदल्यातली ‘फी’ ठरली आणि टिकली. पैसा कोणत्या खात्यात जमा होतो एवढ्यावर एक कायदा अडला आणि दुसरा तरला. जमाखर्च वाचताना न्यायाधीशांची नजर अशी नेमकी असते. ग्रंथ वाचायला बसल्यावर ती तशी राहत नाही.

ती वेळ लवकरच आली. १९५८ मध्ये गोहत्याबंदीच्या कायद्यांविरुद्ध बिहार, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील कसायांनी केलेल्या याचिकांत बकरी ईदच्या कुर्बानीचा प्रश्न निघाला. न्यायालयाने ‘हिदाया’ या जुन्या इस्लामी कायदेग्रंथाचा आधार पाहिला. त्यात एका माणसामागे एक बकरा किंवा सात माणसांमागे एक गाय अथवा उंट असा पर्याय दिलेला आहे. जिथे पर्याय आहे तिथे सक्ती नाही, आणि जिथे सक्ती नाही तिथे ती प्रथा धर्माचा अनिवार्य भाग नाही, असा निष्कर्ष निघाला. सात जणांच्या गरीब कुटुंबाला सात बकऱ्यांपेक्षा एक गाय परवडते, हा मुद्दा न्यायालयापुढे मांडला गेला होता. तो आर्थिक सक्तीचा आहे, धार्मिक नव्हे, असे उत्तर मिळाले. ‘हे धार्मिक आहे का’ या प्रश्नाची जागा ‘याच्यावाचून धर्माचे अडते का’ या प्रश्नाने घेतली ती इथे.

हा कल पूर्णत्वाला नेला न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातले, सुधारणावादी आणि कमालीचे बुद्धिमान असे हे न्यायाधीश होते. अजमेरच्या दर्ग्याच्या व्यवस्थापनाविषयीच्या १९६१ च्या खटल्यात त्यांनी जाता जाता असे नोंदवले, की ज्या प्रथा केवळ अंधश्रद्धेतून उगवल्या आणि धर्माला बाहेरून चिकटल्या, त्यांना घटनेचे संरक्षण मिळणार नाही. चाळणीच्या या नव्या जाळीतून काय खाली पडेल ते १९६६ मध्ये दिसले. मुंबईच्या मंदिरप्रवेश कायद्यानंतर दलितांना आपल्या मंदिरांत येऊ द्यावे लागू नये म्हणून अहमदाबादच्या स्वामिनारायण संप्रदायातील काहींनी १९४८ मध्येच दावा लावला होता. आपला संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी हिंदू धर्म म्हणजे काय याचे विस्तृत विवेचन करून दावा फेटाळला, आणि हा दावा अंधश्रद्धेतून, अज्ञानातून आणि खुद्द स्वामिनारायणांच्या शिकवणुकीविषयीच्या गैरसमजातून आला असावा, असेही सुनावले.

निर्णय योग्यच होता, वाट मात्र आडवळणाची होती. आपल्याच संस्थापकाचे म्हणणे तुम्हाला कळलेले नाही, असे संप्रदायाला सांगण्याचे काम न्यायालयाने अंगावर घेतले. तेवढ्याची काही गरज नव्हती, कारण सरळ रस्ता आठ-नऊ वर्षांपूर्वी आखून झालेला होता. दक्षिण कन्नडमधील मुल्की येथील वेंकटरमण मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे, म्हणजे गोव्याकडून किनाऱ्याने खाली उतरलेल्या कोकणी भाषक समाजाचे. त्या मंदिराच्या विश्वस्तांनी मंदिरप्रवेशाला विरोध केला तेव्हा १९५७ मध्ये न्या. वेंकटराम अय्यर यांनी आगमांचे आधार पाहून प्रांजळपणे मान्य केले, की मंदिरात कोणी यावे हा या संप्रदायाच्या दृष्टीने धर्माचाच प्रश्न आहे. मग त्यांनी अनुच्छेद २५ चा दुसरा खंड उघडला : सार्वजनिक हिंदू मंदिरे सर्वांना खुली करण्याचा अधिकार घटनेने राज्याला दिला आहे, आणि संप्रदायाचा हक्क त्याच्या खालचा आहे. काही विशिष्ट विधींच्या वेळी फक्त सारस्वतांनाच उपस्थित राहता येईल, एवढी सवलत त्यांनी ठेवली. हा धर्म आहे, तरीही घटना आडवी येते, असे सांगण्यात जो सरळपणा आहे तो हा धर्मच नव्हे असे सांगण्यात नाही. दुसऱ्या मार्गाने गेलेले न्यायालय श्रद्धावंताला हरवते आणि वर त्याची परीक्षाही घेते.

ही परीक्षा कुठवर जाऊ शकते याचा मासला आनंदमार्गी पंथाच्या तांडवनृत्याच्या खटल्यांत सापडतो. कवटी आणि त्रिशूळ घेऊन कलकत्त्याच्या रस्त्यावर मिरवणुकीत तांडव करण्यास पोलिसांनी मनाई केली. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की पंथ १९५५ चा आणि तांडव त्यात आले १९६६ मध्ये. अकरा वर्षे ज्याच्यावाचून पंथ चालला ते अनिवार्य कसे? संस्थापकाने पुढे आपल्या आचारग्रंथाच्या नव्या आवृत्तीत तांडवाचा समावेश केला, तेव्हा २००४ मध्ये बहुमताने उत्तर मिळाले की असे मागाहून घातलेले कलम चालायचे नाही. रस्त्यावर कवट्या नाचवण्याने सुव्यवस्था बिघडते, एवढे एकच वाक्य पोलिसांच्या बाजूने पुरेसे झाले असते; त्याऐवजी धर्माला जन्मतारखेचा दाखला मागितला गेला.

महाराष्ट्रात या प्रश्नाची सर्वांत दीर्घ आणि सर्वांत शिकवण देणारी कहाणी पंढरपूरची आहे. साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस प्राणांतिक उपोषण केले ते विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून. मंदिर खुले झाले, पण आतल्या कारभाराचा प्रश्न तसाच राहिला. विठ्ठलाच्या सेवेचे हक्क पिढीजाद होते : बडवे हे मुख्य, त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, डांगे आणि दिवटे हे सेवाधारी, आणि रुक्मिणीमंदिरात उत्पात. काकडारतीपासून शेजारतीपर्यंतच्या नित्योपचारांत कोणी स्नान घालायचे, कोणी आरसा दाखवायचा, कोणी चांदीचा दंड घेऊन उभे राहायचे आणि कोणी मशाल धरायची हे घराण्यांनुसार वाटलेले होते. देवापुढे येणारे उत्पन्नही असेच वाटलेले होते, आणि त्या त्या दिवसाच्या उत्पन्नाचा हक्क बडव्यांमध्ये बोलीने विकला जाई. ज्याने बोली जिंकली त्याला ती रक्कम दिवस मावळायच्या आत वारकऱ्यांकडून वसूल करायची असे, तेव्हा पायावर डोके ठेवणाऱ्याच्या पाठीवर हात का पडत असे, हे वेगळे सांगायला नको. बडवे आणि सेवाधारी यांच्यातले तंटे इंग्रजी आमदानीपासून कोर्टात चालू होते.

१९६८ साली नेमलेल्या नाडकर्णी आयोगाच्या अहवालानंतर राज्याने १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम केला, सर्व वंशपरंपरागत हक्क रद्द केले आणि कारभार समितीकडे सोपवला. त्यावरची कोर्टबाजी चार दशके चालली आणि १५ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बडव्यांचे अपील फेटाळले, तेव्हा ती संपली. या सबंध वादात विठ्ठलाची पूजा कशी व्हावी याबद्दल कोणत्याही न्यायालयाला ग्रंथ उघडावे लागले नाहीत. पूजा धार्मिक, परंतु ती करणारा कोण असावा आणि त्याचा मोबदला कोणता, ही नेमणूक लौकिक, हे तत्त्व तमिळनाडूच्या अर्चकांच्या खटल्यात १९७२ मध्येच ठरून गेले होते. निकालानंतर काही महिन्यांतच समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी सर्व जातींच्या उमेदवारांकडून, स्त्रियांकडूनही, अर्ज मागवले. देव तोच, उपचार तेच, फक्त बोली बंद झाली. तरीही वाद पूर्ण मिटलेला नाही : सरकारनेच मंदिर कायमचे ताब्यात ठेवावे का, असा प्रश्न विचारणारी सुब्रमण्यम स्वामी यांची याचिका २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण गैरकारभार दूर करण्यासाठी आलेले सरकार ते काम झाल्यावर बाहेर पडले, असे उदाहरण क्वचितच दिसते.

२०१६ या एकाच वर्षात मुंबई उच्च न्यायालयाने ग्रंथ टाळण्याचा आणि ग्रंथ उघडण्याचा असे दोन्ही मार्ग चोखाळले. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांच्या याचिकेवर न्यायालयाने धर्मशास्त्राची चर्चा न करता १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याकडे बोट दाखवले, सरकारने तो अमलात आणण्याची हमी दिली, आणि गुढीपाडव्याला, ८ एप्रिल रोजी, विश्वस्तांनी माघार घेतली. ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याचा निकाल लागला तेव्हा असा कायदा हाताशी नव्हता, कारण मंदिरप्रवेशाचे कायदे हिंदू धर्मस्थानांपुरते आहेत. न्या. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांना कुराणाच्या आयतींचे आणि हदीसचे दाखले तपासावे लागले. पण निकालाला खरे बळ दिले ते एका साध्या वस्तुस्थितीने : २०११-१२ पर्यंत स्त्रिया मजारीपर्यंत जातच होत्या. शिवाय हा दर्गा १९५० च्या त्या जुन्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेला होता, आणि त्या संस्थेच्या योजनेत विश्वस्तांना असा मज्जाव करण्याचा अधिकार नव्हता.

सर्वांत अवघड प्रश्न मात्र त्याच जुन्या मुंबई राज्याच्या १९४९ च्या कायद्यातून आला आणि तो अजून सुटलेला नाही. दाऊदी बोहरा समाजाचे प्रमुख, दाई-उल-मुतलक, यांना समाजातल्या व्यक्तीवर ‘बरात’ म्हणजे धर्मबहिष्कार घालण्याचा अधिकार होता. बहिष्कृत माणसाला मशिदीत नमाजाला, समाजाच्या मालमत्तेचा लाभ घ्यायला आणि मेल्यावर समाजाच्या दफनभूमीत जागा मिळायला मज्जाव होई. हे बहिष्कार कायद्याने निरर्थक ठरवले. एक्कावन्नावे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ९ जानेवारी १९६२ रोजी चार विरुद्ध एक मतांनी जिंकले : धार्मिक शिस्त राखण्यासाठी घातलेला बहिष्कार ही धर्माची बाब आहे, ती सामाजिक सुधारणेच्या नावाखाली मोडता येणार नाही. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळ्या बाजूला होते. माणसाला त्याच्या माणसांतून तोडणे हे अस्पृश्यतेच्या जातीचे कृत्य आहे, असे त्यांनी पाहिले. संप्रदायाचे स्वातंत्र्य आणि त्याच संप्रदायातल्या एकट्या माणसाचे स्वातंत्र्य समोरासमोर आले की घटनेने कोणाच्या पाठीशी उभे राहावे, या प्रश्नाला दानपेटीच्या बाजूने उत्तर सापडत नाही, कारण इथे दानपेटी नाहीच.

१९६२ च्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून समाजातल्या सुधारणावाद्यांनी १९८६ मध्ये याचिका केली. तिच्यावर घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी दिलेला आदेश एवढाच, की प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे जावा. शबरीमला मंदिरात सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश देणाऱ्या २०१८ च्या निकालाचे पुनर्विलोकन करताना ‘अनिवार्य प्रथा’ कोणी आणि कशी ठरवायची, हा मूळ प्रश्न तिकडेच पाठवलेला होता. दरम्यान महाराष्ट्राने जातपंचायतींच्या जाचाविरुद्ध सामाजिक बहिष्कारप्रतिबंधक कायदा केला. २०१७ पासून अमलात आलेल्या या कायद्याने तीन वर्षांपर्यंतची कैद आणि एक लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला, आणि १९४९ चा कायदा रद्दही केला. ज्या कायद्याविरुद्ध सय्यदना जिंकले तो कायदा आता पुस्तकात नाही, ज्या दाईंनी खटला लढवला त्यांच्यानंतर दोन पिढ्या उलटल्या आहेत, आणि सरन्यायाधीश सिन्हा यांचे एकाकी मत नऊ जणांच्या पीठापुढे वाचले जाण्याची वाट पाहत आहे.